मुंबईचा पूर्व किनारा

मुंबईचा पूर्व किनारा म्हणजे मुंबई शहर बेटाचा बंदराकडील काठ. कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत पसरलेला हा पट्टा सुमारे २८ किलोमीटर लांबीचा असून त्याचा बहुतांश भाग मुंबई बंदर प्राधिकरणाच्या (पूर्वीचा मुंबई पोर्ट ट्रस्ट) ताब्यात आहे. गोद्या, गोदामे, तेलाच्या टाक्या, जहाजतोडणीचे आवार, मासळीचे धक्के, कामगारांच्या चाळी आणि शिवडीची दलदल हे सारे या पट्ट्यात येते. मरीन ड्राइव्ह, दादर चौपाटी व वरळीमुळे पश्चिम किनारा शहराच्या रोजच्या जीवनाचा भाग झाला. पूर्वेचा किनारा मात्र दीड शतक भिंती, फाटके आणि जकातीच्या नाक्यांआड राहिला. बंदरातील मालवाहतूक घटल्यानंतर या जमिनीचे काय करायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा एकविसाव्या शतकातील मुंबईच्या नगरनियोजनाचा एक प्रमुख वाद आहे.

भूरचना आणि नावे

मुंबई बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधील खोल, आडोशाचे पाणी हे मुंबई बंदर. पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी लाटांना बेटाचा आडोसा मिळत असल्याने जहाजे पूर्वापार पूर्वेच्या बाजूलाच नांगर टाकत आली. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. किनाऱ्याचा उतार मंद असल्यामुळे, विशेषतः माझगावच्या उत्तरेस, ओहोटीच्या वेळी चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. नैसर्गिक किनारारेषा मात्र फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आजचा काठ मुख्यतः भरावाने तयार झालेला आहे.

मुंबईत ‘बंदर’ हा शब्द संपूर्ण बंदराइतकाच एखाद्या छोट्या धक्क्यासाठीही वापरला जातो. या धक्क्यांची नावे तेथे उतरणाऱ्या मालावरून पडली : लाकडाचे लकडी बंदर, विटांचे ब्रिक बंदर, गवताचे हे बंदर, दारूगोळ्याचे पावडर बंदर. ‘हे बंदर’ या नावातील ‘हे’ दर्शक सर्वनाम नसून वाळलेल्या गवताचा इंग्रजी शब्द आहे. घोड्यांच्या आणि बैलांच्या बळावर चालणाऱ्या शहराला गवताचे स्वतंत्र बंदर लागत असे. माझगावजवळच्या दारूखान्यात आता दारूगोळा नाही. तेथे जुनी जहाजे तोडली जातात आणि भंगाराचा मोठा व्यापार चालतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धक्के बांधण्याचे काम बरेचसे खासगी व्यक्तींकडे होते. त्यांपैकी लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य उर्फ भाऊ यांचे नाव ‘भाऊचा धक्का’ या रूपाने टिकले. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने मोठ्या प्रमाणावर भराव घातला. किनाऱ्यावर खासगी कंपनीची मक्तेदारी होईल या भीतीने सरकारने १८७०च्या सुमारास ही मालमत्ता विकत घेतली आणि २६ जून १८७३ रोजी बंदराचा कारभार नव्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला. किनारा सार्वजनिक मालकीचा असावा, हा या मंडळाच्या स्थापनेमागील एक हेतू होता. पुढील सर्व वादांच्या संदर्भात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

ससून गोदी १८७५ मध्ये खासगी पैशातून बांधली गेली आणि काही वर्षांतच बंदराच्या मंडळाने ती विकत घेतली. प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये, व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) १९१४ मध्ये सुरू झाली. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेल्या माती-दगडांच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. जॉर्ज विटेट यांनी आखलेला हा २२ एकरांचा परिसर पूर्व किनाऱ्यावरील नियोजनबद्ध बांधणीचा सर्वांत देखणा नमुना म्हणता येईल. त्याच सुमारास शिवडी ते माझगाव या टापूत सुमारे ५८० एकर जमीन समुद्रातून काढण्यात आली आणि कापसाचा व्यापार कुलाब्याहून तेथे हलला. कॉटन ग्रीन हे रेल्वेस्थानकाचे नाव त्याची आठवण आहे. १९१५ मध्ये बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. स्फोटके, कापूस आणि सोन्याच्या विटा असा माल या जहाजावर एकत्र भरला होता. मृतांच्या संख्येचे अंदाज ८०० ते १३०० यांदरम्यान आहेत. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो या घटनेमुळे. धोकादायक माल दाट वस्तीच्या लगत हाताळणे किती महाग पडते हे त्या दिवशी दिसले. तरीही तेल व रसायनांच्या टाक्या शिवडी-वडाळा पट्ट्यात पुढेही राहिल्या.

बंदराचा उतरता काळ

१९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यात, जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मुंबई बंदरावरील ताण कमी करणे हा त्याचा मूळ उद्देश होता, पण कंटेनरच्या युगात जुन्या बंदराला स्पर्धेत टिकणे जड गेले. अरुंद गोद्या, मर्यादित खोली आणि शहराच्या गर्दीतून जाणारे रस्ते या अडचणी दूर होण्यासारख्या नव्हत्या. २००७ मध्ये खुल्या पाण्यात कंटेनर टर्मिनल उभारण्याचा करार झाला आणि त्यासाठी जुन्या गोद्यांमध्ये भराव घालून आवार करण्याचे काम हाती घेण्यात आले. मात्र ते टर्मिनल ठरल्याप्रमाणे कधीच चालू झाले नाही. बंदर बंद पडले असा समज अनेकदा लिखाणात दिसतो; तो चुकीचा आहे. जवाहर द्वीप आणि पीर पाव येथील धक्क्यांवरून खनिज तेल व रसायनांची मोठी वाहतूक आजही होते. ओस पडली ती मुख्यतः किनाऱ्यावरची गोदामे व यार्डे.

कामगारांची संख्या घटत गेली. निवृत्तिवेतनाचा भार मात्र राहिला. त्यामुळे जमिनीपासून मिळणारे उत्पन्न बंदराच्या हिशेबात अधिकाधिक महत्त्वाचे होत गेले.

जमिनीची मालकी

पूर्व किनाऱ्यावर बंदर प्राधिकरणाची सुमारे १८०० एकर जमीन आहे. हे क्षेत्र शहर बेटाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे भरते. यातील बरीचशी जमीन जुन्या भाडेपट्ट्यांवर दिलेली आहे. अनेक पट्ट्यांची मुदत संपली, पोटभाडेकरू आले, गोदामांचे कारखाने आणि कारखान्यांची दुकाने झाली. १९८०च्या दशकापासून भाडेवाढीवरून सुरू झालेली न्यायालयीन लढाई जमशेद होरमसजी वाडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००४च्या निकालात न्यायालयाने बंदराचा भाडे वाढवण्याचा अधिकार मान्य केला. परंतु हे मंडळ राज्यसंस्थेचा भाग असल्याने खासगी घरमालकासारखे केवळ नफ्याच्या दृष्टीने वागू शकत नाही, त्याची वागणूक वाजवी व न्याय्य असली पाहिजे, असेही बजावले.

जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्थेची, शहर महापालिकेचे आणि नगरनियोजनाचा कायदा राज्याचा, अशी ही तिहेरी रचना आहे. तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांची सत्ता असण्याच्या काळात या जमिनीवरचा प्रत्येक निर्णय वादाचा होणे स्वाभाविक होते. महाराष्ट्राच्या राजधानीतील एवढी मोठी जमीन दिल्लीहून चालवली जाते, ही तक्रार राज्याच्या राजकारणात वारंवार उमटली आहे. २०२१च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने विश्वस्त मंडळाचे रूपांतर प्राधिकरणात झाले आणि मंडळाचे व्यावसायिक अधिकार वाढले. मालकीचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

पुनर्विकासाचे आराखडे

शहरी रचना संशोधन संस्था (यूडीआरआय) आणि कमला रहेजा वास्तुकला महाविद्यालय यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व किनाऱ्याचे तपशीलवार सर्वेक्षण केले. तोवर हा भाग नकाशावर जवळजवळ कोरा असे. या अभ्यासामुळे बंदराच्या भिंतींआड काय आहे याची माहिती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

या चर्चेवर गिरणीच्या जमिनींची सावली होती. गिरणगावातील सुमारे ६०० एकर जमिनीपैकी ठरावीक वाटा खुल्या जागांसाठी व परवडणाऱ्या घरांसाठी देण्याचा नियम १९९१ मध्ये झाला होता. २००१ मध्ये त्यात बदल करून हा वाटा केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीवर मोजण्याचे ठरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. परिणामी शहराच्या पदरात अत्यल्प जमीन पडली. पूर्व किनारा ही शहर बेटावरील मोठ्या सार्वजनिक मोकळ्या जागेची शेवटची संधी आहे, असा युक्तिवाद नगररचनाकार व नागरी संघटना करू लागल्या तो या अनुभवातून.

२०१४ मध्ये केंद्रीय नौकानयनमंत्री नितीन गडकरी यांनी बंदराच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या काळातील चर्चेत तरंगती उपाहारगृहे, लंडनच्या धर्तीवरचा मोठा पाळणा, क्रूझ टर्मिनल आणि मरीना यांची नावे ठळकपणे आली. शिवडी ते घारापुरी असा सुमारे आठ किलोमीटरचा रज्जुमार्गही पुढे सुचवला गेला. जमीन बांधकाम व्यावसायिकांना दिली जाणार नाही, असे गडकरी यांनी जाहीर केले होते. समितीचा अहवाल लोकांसमोर येण्यास विलंब झाल्याची टीकाही झाली.

२०१८ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये पोर्ट ट्रस्टलाच सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेने तयार केलेला प्रारूप आराखडा त्याच वर्षाच्या अखेरीस सूचना व हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. उद्याने, किनाऱ्यालगतचा पादचारी मार्ग, व्यापारी संकुले आणि जलवाहतुकीची केंद्रे त्यात होती. मुख्य आक्षेप आराखड्यातील एखाद्या बागेवर किंवा रस्त्यावर नव्हता. तो रचनेवरच होता. जमिनीचा मालक, तिच्यावरील व्यवसायाचा चालक आणि त्या जमिनीवर किती बांधकाम होऊ द्यायचे हे ठरवणारा नियोजक या तिन्ही भूमिका एकाच संस्थेकडे आल्या. चटईक्षेत्र जेवढे वाढेल तेवढे मालकाचे उत्पन्न वाढणार असल्याने नियोजकाच्या तटस्थतेबद्दल शंका घेतली गेली. याउलट, महापालिकेकडे कारभार असता तर बंदराच्या कामाची व सुरक्षेची निकड मागे पडली असती, असे बंदराच्या बाजूने मांडले जाते. लंडनच्या डॉकलँड्समध्ये १९८१ साली नेमलेल्या विकास महामंडळावरही स्थानिक संस्थांना डावलल्याची अशीच टीका झाली होती. तेथे कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, पण जुन्या गोदी कामगारांच्या वस्तीला त्याचा लाभ किती झाला हा प्रश्न वादग्रस्तच राहिला.

जलमार्ग आणि प्रवासी वाहतूक

भाऊचा धक्का हे अनेक दशके कोकणाचे प्रवेशद्वार होते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येथूनच आगबोटीने गावी जात. १७ जुलै १९४७ रोजी येथून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. भारतीय किनाऱ्यावरील प्रवासी वाहतुकीतील ही सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी एक होय. रस्ते सुधारल्यानंतर कोकणची बोटसेवा मागे पडत बंद झाली.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह प्रवासी नेणारी रो-पॅक्स सेवा सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक पडणारे अंतर ती साधारण तासाभरात पार करते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरसाठी जलटॅक्सी सुरू करण्यात आली, परंतु स्पीडबोटीचे एकेरी भाडे ८२५ रुपये व त्याहून अधिक होते. कॅटामरानचे २९० रुपयांचे तिकीटही लोकलच्या पासाशी तुलना करणाऱ्या नोकरदारांना परवडणारे नव्हते. दोन्ही सेवांतील फरक उद्‌बोधक आहे : जेथे रस्त्याचा वळसा मोठा तेथे पाण्याचा मार्ग टिकला, जेथे लोकल उपलब्ध तेथे तो टिकला नाही. बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

बंदराच्या पाण्यात अनेक यंत्रणांचे अधिकार एकमेकांत गुंतलेले आहेत. जहाजांच्या ये-जा करण्याचे नियंत्रण बंदर प्राधिकरणाकडे, प्रवासी बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, संरक्षण नौदल व तटरक्षक दलाकडे आणि पाण्यावरील गुन्ह्यांचा तपास यलो गेट पोलीस ठाण्याकडे, अशी ही विभागणी आहे. मुख्य जलवाहिनी मुंबई आणि नेहरू बंदर दोघेही वापरतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती, बोटींची क्षमता आणि प्रवासी मार्गांवरील वेगमर्यादा यांची चर्चा नव्याने झाली.

मरीनाचा प्रश्न

मुंबईत खासगी शिडाच्या व यांत्रिक नौका गेटवे ऑफ इंडियासमोर उघड्या पाण्यात नांगरलेल्या असतात. पावसाळ्यात त्यांना तेथे ठेवणे धोक्याचे असल्याने बहुतेक नौका बाहेर काढाव्या किंवा हलवाव्या लागतात. त्यामुळे मरीनाची, म्हणजे नौकांसाठीच्या बंदिस्त तळाची, मागणी जुनी आहे आणि प्रिन्सेस गोदीची जागा त्यासाठी वेळोवेळी सुचवली गेली आहे.

येथे मरीना चालवणे हे केवळ धक्के बांधण्याचे काम नाही. भरती-ओहोटीतील मोठ्या फरकामुळे धक्के तरंगते असावे लागतात, जेणेकरून ते पाण्याबरोबर वर-खाली होतील. खाडीतून येणारा गाळ नियमितपणे उपसावा लागतो आणि तो उपसा कोठे टाकायचा याची परवानगी घ्यावी लागते. इंधन भरणे, नौकांवरील सांडपाणी उपसून घेणे आणि तेलगळती रोखणे या सोयी नसल्या तर बंदिस्त पाणी लवकर कुजते. गोदीची जुनी दगडी भिंत हा आयता आडोसा असला, तरी तेथील पाण्यात ताजे पाणी खेळते ठेवणे हे त्याच भिंतीमुळे कठीण होते. मूठभर नौकामालकांच्या सोयीसाठी सार्वजनिक काठ वापरावा का, हा प्रश्न यांव्यतिरिक्त आहे.

गेटवेजवळ रेडिओ क्लबलगत प्रस्तावित असलेल्या प्रवासी जेट्टीवरून हाच मुद्दा न्यायालयात गेला. परिसरातील रहिवाशांनी वारसा, वाहतूक कोंडी आणि सल्लामसलतीचा अभाव ही कारणे दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये प्रकल्पास मुभा दिली, परंतु तेथील आसनव्यवस्था प्रवाशांच्या प्रतीक्षेसाठीच असावी, करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी नव्हे, अशा अटी घातल्या.

शिवडीची दलदल

पूर्व किनाऱ्याचा सर्वांत अनपेक्षित भाग शिवडीला आहे. शिवडी किल्ल्याच्या पायथ्याशी, तेलाच्या टाक्या आणि भंगारातील जहाजांच्या शेजारी, १९९०च्या दशकापासून हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांत लहान रोहित संख्येने अधिक असतात. चिखलात वाढणारे शैवाल हे त्यांचे मुख्य अन्न. निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवे यांवर गुजराण करणाऱ्या कोळी कुटुंबांचाही हाच चिखल आधार आहे. माहुल-शिवडी खाडी पक्षिजीवनाच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र म्हणून गणली जाते.

२०१५ मध्ये घोषित झालेले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले ठाणे खाडी रोहित अभयारण्य याच्या उत्तरेस आहे. शिवडीची दलदल त्याच्या हद्दीत येत नाही. पक्षी हद्दी पाळत नाहीत आणि भरतीच्या वेळेनुसार दोन्ही ठिकाणी फिरतात, त्यामुळे एकीकडचे संरक्षण दुसरीकडच्या ऱ्हासाची भरपाई करू शकत नाही. मुंबईला नवी मुंबईशी जोडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू (जानेवारी २०२४ मध्ये खुला) याच दलदलीवरून जातो. बांधकामादरम्यान ध्वनिरोधकांसह काही उपाय योजले गेले आणि मच्छीमारांना नुकसानभरपाई देण्यात आली. चिखल, खारफुटी व भरतीच्या पाण्याचे क्षेत्र किनारा नियमन अधिसूचनेच्या कक्षेत येत असल्याने आराखड्यातील कोणत्याही नव्या भरावाला पर्यावरणविषयक मंजुरीचा टप्पा ओलांडावा लागतो.

दलदलीचे आणखी एक काम कमी लक्षात घेतले जाते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहराच्या पूर्व भागातील पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात. रे रोडजवळील ब्रिटानिया उदंचन केंद्र हे पाणी उपसून खाडीत टाकण्यासाठी बांधले गेले. काठावर पाणी पसरायला जागा उरली नाही तर हा भार पूर्णपणे पंपांवर येतो.

वस्ती आणि उपजीविका

किनाऱ्याच्या नकाशांवर ही जमीन अनेकदा रिकामी दाखवली जाते. प्रत्यक्षात दारूखान्यातील भंगार कामगार, ससून गोदी व मालेट बंदरावरील कोळी आणि कोळंबी सोलणाऱ्या स्त्रिया, लाकडाच्या वखारी, ट्रकचालक आणि झोपडपट्ट्यांतील हजारो कुटुंबे येथे राहतात किंवा काम करतात. राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना केंद्राच्या जमिनीवर आपोआप लागू होत नाही. जमीनमालक संस्थेची संमती लागते. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूच्या झोपडीधारकाला घराचा हक्क मिळतो आणि दुसऱ्या बाजूच्याला मिळत नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

शिवडीच्या बीडीडी चाळींचे उदाहरण यासाठी वारंवार दिले जाते. ब्रिटिश काळात एकाच विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे या चाळी बांधल्या. पहिल्या तीन ठिकाणी म्हाडामार्फत पुनर्विकास २०१७ पासून हाती घेण्यात आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर उभ्या असल्याने त्या योजनेत त्यांचा समावेश होऊ शकला नाही.